शाह डोंगराची टेहळणी

नगर शहरातून पाथर्डीच्या रस्त्याने पूर्वेकडे निघाले, की सुमारे तेरा किलोमीटरांवर शाह डोंगर लागतो. त्याच्या माथ्यावरील अष्टकोनी वास्तू वाटसरूस पुष्कळ दुरूनच दिसू लागते, आणि तो गाडीतल्या शेजाऱ्यास सांगतो, ‘हा चांदबिबीचा महाल.’ वस्तुतः ती वास्तू चांदबिबीची नव्हे आणि महालही नव्हे. मुर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान, दुसरा, याची ती कबर होय. मुर्तझाची कारकीर्द १५६५ ते १५८८ अशी झाली, आणि तीतील चांगल्या दिवसांचे बरेचसे श्रेय या वजिराकडे जाते. प्रसिद्ध इतिहासकार फेरिश्ता त्या वेळी निजामशाहीच्या पदरी नगरातच होता. त्याने सलाबतखानाच्या कारभाराची मनमोकळी प्रशंसा करून ठेविली आहे. शहराजवळील फराहबाग १५८३ साली पुरी झाली, तीही याच वजिराच्या देखरेखीखाली.

चांदबिबीचे नाव या कबरीस कसे चिकटले असेल, हे समजण्यास फारसे संशोधन नको. हुसेन निजामशहाची ही कन्या आणि विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा. १५९५-९६ च्या वेढ्यात शाहजादा मुरादाच्या मोगल सैन्यापुढे तिने नगरचा किल्ला राखला, सुरुंगाने पडलेले खिंडार रातोरात बुजवून घेतले, आणि १६०० साली आपल्याच लोकांच्या हातून ती मारली गेली. लोकांस ज्या व्यक्तीचे स्मरण ठेवावेसे वाटते तिला ते घर शोधून देतातच; आणि नगरच्या परिसरात शाह डोंगराहून उंच घर दुसरे कोठले? वजिराच्या कबरीवर राणीचे नाव लागले, ही चूक खरी. परंतु ती निर्दयपणे खोडून टाकावी अशी नव्हे.

या वास्तूविषयी एक दंतकथाही आहे. खानाने सात मजल्यांचा बेत केला होता, शेवटच्या मजल्यावरून दौलताबादचा किल्ला दिसावा अशी त्याची इच्छा होती, आणि तीन मजले होताच काम थांबले, असे सांगतात. दौलताबाद येथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आसपास असेल. आता साधे अंकगणित पाहावे. डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० फूट उंच, आणि नगर शहराहून सुमारे ९०० फूट. त्यावरची इमारत सुमारे ७० फूट. आणखी चार मजले चढविले असते तर उंचीत फार तर ९०-१०० फुटांची भर पडती. म्हणजे डोंगराने जे फुकट दिले त्याचा नववा-दहावा हिस्सा. दृष्टीचे खरे काम डोंगरच करतो. तथापि दंतकथा फेकून देण्यासारखी नाही. ही जागा मुळातच ‘पाहण्याची’ आहे, हे लोकांच्या मनाने अचूक हेरले होते, एवढे तिच्यावरून दिसते. तळघरात कबर आहे, पण वर चढणारा मनुष्य कबर पाहावयास चढत नाही. तो कमानीत उभा राहतो आणि दूरवर पसरलेला मुलूख न्याहाळतो.

टेहळणीच्या जागेस दोन गोष्टी लागतात. दूरचे दिसले पाहिजे, आणि जे दिसले ते वेळेत कळविता आले पाहिजे. पहिली गोष्ट डोंगर देतो. दुसरीसाठी मनुष्य लागतो. मराठी राज्यात गडांची व्यवस्था याच तत्त्वावर होती. गडाच्या उतारावर मेटे असत, भोवती घेरा असे, आणि मेटकरी हा घेऱ्यातील रान, वाटा व माणसे ओळखणारा असे. शत्रूच्या धुळीवर जशी त्याची नजर असे तशीच धुराच्या रेषेवरही असावी लागे. कारण गडाचा वैरी केवळ तोफ घेऊनच येतो असे नाही. आगीचे भय त्या काळच्या राज्यकर्त्यांस किती होते, हे शिवाजीमहाराजांच्या एका पत्रावरून कळते. सोळाशे सत्तरच्या दशकात चिपळूणनजीक छावणीस असलेल्या लष्कराच्या जुमलेदारांना व कारकुनांना ते लिहिलेले आहे. वारा न पाहता कोणी चुली पेटवील, कोणी चिलमीसाठी विस्तव आणील, एका खोपीस लागलेली आग गवताच्या गंजीस लागेल आणि सारी बेगमी राख होईल. रात्री दिवा घरात ठेवाल तर उंदीर जळती वात ओढून नेईल, असे त्यात बारकाईने बजावले आहे. स्वराज्य चालविणाऱ्या पुरुषाने उंदराच्या तोंडातील वातीचा विचार करावा, ही गोष्ट त्या राज्याच्या यशाविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या आज्ञापत्रातही हीच दृष्टी आहे. गडाच्या वाटेवरील झाडी जिवापाड जतन करावी, तीतील काठीही तोडू देऊ नये, असे एकीकडे सांगितले. आणि दुसरीकडे, तटात रुजलेली झाडे वेळोवेळी कापावी, तटाचे व तटाखालचे गवत जाळून गड स्वच्छ करावा, असेही सांगितले. त्या स्वच्छतेस ‘गड न्हाणणे’ असा सुंदर शब्द आहे. ज्यास हल्ली वनखात्यात जाळरेषा म्हणतात तिचे मर्म येथेच आहे: जपावयाचे रान आणि जाळावयाचे गवत यांच्यातील सीमा आधीच, आपल्या हाताने, थंड डोक्याने आखून ठेवणे.

१८१८ साली पेशवाई संपली. इंग्रजांनी कित्येक गडांच्या पायऱ्या व दरवाजे सुरुंगांनी उडविले. ज्यांचे उडविले नाहीत ते ओसाड पडले. दगड राहिले, पण मेटकरी उठला. सह्याद्रीच्या कड्याकडील अकोले तालुक्यात रतनगड, हरिश्चंद्रगड, कुंजरगड हे दुर्ग त्या दिवसापासून केवळ वाऱ्याच्या पहाऱ्यात आहेत.

पुढे वर्षभर डोंगरावर नजर ठेवणारे नवे खाते आले. हिंदुस्थानात वणव्यापासून रान राखण्याचा पद्धतशीर प्रयोग १८६४ च्या सुमारास मध्यप्रांतातील बोरीच्या जंगलात कर्नल पिअर्सन यांनी केला. जाळरेषा आखून त्यांनी ते रान उन्हाळाभर आगीवाचून ठेवून दाखविले, आणि त्यानंतर ही पद्धत प्रांतोप्रांती गेली. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव रानांच्या हद्दी पक्क्या झाल्या. परंतु या नव्या राखणदारात आणि जुन्या मेटकऱ्यात एक मोठा भेद होता. मेटकरी घेऱ्यातला, नवा शिपाई सरकारचा. त्याच्या डोळ्यास धूर जसा अपराध दिसे तशीच गुरे चारणारी बाईही अपराधी दिसे. जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला त्यात जंगलखात्याच्या जाचावर कोरडे ओढले आहेत, आणि १९३० च्या जंगल सत्याग्रहात या जिल्ह्यातील संगमनेरचेही नाव आहे. ज्या रानात आपला हक्क नाही ते जळत असता खेडूत धावून जाईल, अशी अपेक्षा करणे थोडे भाबडेपणाचेच होते.

वणव्याच्या टेहळणीस स्वतंत्र वास्तू उभारण्याचे काम मात्र सर्वांत मोठ्या प्रमाणावर झाले ते अमेरिकेत. १९१० च्या ऑगस्टात तेथील वायव्येकडील पर्वतांत दोन दिवसांत सुमारे तीस लाख एकर रान जळाले व ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्यांतील बहुतेक आग विझविण्यास गेलेली होती. या घटनेने त्या देशाच्या वनखात्याचे मनच बदलले. धूर दिसताच, तो लहान असतानाच, गाठला पाहिजे, असा निश्चय झाला आणि शिखराशिखरांवर टेहळणीची घरे उठू लागली. जेथे पर्वत उंच तेथे केवळ चौदा फूट लांबरुंदीची, चारही बाजूंस काचा असलेली खोली पुरे होई. जेथे जमीन सपाट आणि झाडे उंच तेथे शंभर-शंभर फुटांचे पोलादी मनोरे लागत. शाह डोंगराचे जे अंकगणित तेच तेथेही. १९३३ नंतर, महामंदीत बेकार तरुणांस काम देण्याकरिता निघालेल्या सरकारी योजनेतून, अशी शेकडो घरे बांधली गेली. सामान खेचरांच्या पाठीवरून वर जाई.

आतील व्यवस्था मोठी कुतूहलाची असे. खोलीच्या मध्यभागी ऑस्बर्न नावाच्या वनाधिकाऱ्याने तयार केलेले यंत्र: एका गोल तबकावर त्या परिसराचा नकाशा, आणि त्याभोवती फिरणारे अंशांच्या खुणांचे कडे. धूर दिसला की कड्यावरील फटीतून त्यावर नेम धरावयाचा, अंश वाचावयाचा आणि टेलिफोनने खाली कळवावयाचा. दुसऱ्या शिखरावरील माणसानेही तोच धूर पाहून आपला अंश कळविला, की नकाशावर दोन रेषा जेथे छेदतील तेथे आग. शाळेतील भूमितीचा इतका तातडीचा उपयोग क्वचितच झाला असेल. विजांच्या पावसात राखणदार एका लहान स्टुलावर पाय घेऊन बसे. त्या स्टुलाच्या पायांना काचेच्या वाट्या असत, की विजेचा प्रवाह अंगातून जाऊ नये. १९१३ साली हॅली डॅगेट नावाची स्त्री कॅलिफोर्नियातील अशा एका शिखरावर नेमली गेली. वनखात्याने टेहळणीस नेमलेली ती पहिली स्त्री. चार दिवसांत एकटेपणाने घाबरून ती खाली येईल, असे पुरुषांचे भाकीत होते. ती एक तपाहून अधिक काळ दर उन्हाळ्यात त्या शिखरावर बसली.

दुसऱ्या महायुद्धात या घरांतून शत्रूच्या विमानांवरही नजर ठेवली गेली. आणि गंमत अशी की विमानानेच पुढे त्यांचा घास घेतला. आकाशातून फेरी घालणाऱ्या वैमानिकास एका तासात जे दिसे त्यास दहा शिखरे लागत. १९६०-७० च्या सुमारास घरे रिकामी पडू लागली. मोडक्या घरात कोणी जखमी झाल्यास जबाबदारी येईल, या भीतीने वनखात्याने त्यांतील कित्येक स्वतःच पेटवून दिली. आग पाहण्यासाठी बांधलेली घरे आग लावून नाहीशी करण्यात आली.

याच वेळी सामान्य नागरिक पुढे आले. कोणी त्या घरात तरुणपणी एक उन्हाळा काढलेला, कोणाचा बाप तेथे नोकरीस होता, कोणास केवळ डोंगर चढण्याचा नाद. १९९० साली त्यांची देशव्यापी संघटना निघाली आणि ऐतिहासिक टेहळणी-घरांची नोंदवही सुरू झाली. ही मंडळी सुट्टीच्या दिवशी छपराच्या फळ्या पाठीवर वाहून नेतात, फुटलेल्या काचा बसवितात, गंजलेले खिळे उपटतात. दक्षिण कॅलिफोर्नियातील काही ठिकाणी तर उन्हाळ्यात ते स्वतः यंत्रापुढे पाळीपाळीने बसतात. पाहुण्यास घर दाखविता दाखविता त्यांचा एक डोळा क्षितिजावर असतो. आणि मोठा वणवा जवळ आला म्हणजे वनखात्याचे लोक आज त्याच जुन्या घरांस चकचकीत ॲल्युमिनियमच्या आगरोधक कापडात गुंडाळून ठेवतात. एका पिढीने जाळावयाचे आणि पुढच्या पिढीने पांघरूण घालावयाचे, हा फरक त्या स्वयंसेवकांनी घडविला.

महाराष्ट्रात जुन्या दुर्गांसाठी लोकांनी उठण्याची परंपरा याहून जुनी आहे. १८८३ साली जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने रायगडावरील समाधीच्या दुर्दशेबद्दल लिहिले, ते मराठी मनास झोंबले, आणि १८९५ साली लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने समाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधी व मंडळ उभे राहिले. हल्ली तर रविवार उजाडला की किती तरी गडांवर तरुणांच्या टोळ्या दिसतात. टाक्यांतील गाळ उपसणे, तटात शिरलेल्या उंबर-पिंपळाची मुळे काढणे, घाणेरीचे रान मोडणे, बुजलेल्या पायऱ्या मोकळ्या करणे, अशी ही कामे आहेत; काही संस्थांनी लोकवर्गणीतून गडांना सागवानी दरवाजेही बसविले. २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची गणना जागतिक वारशात झाली. त्यांत नगर जिल्ह्यातील एकही नाही. यास्तव येथील गडांचा भार यापुढेही सरकारी कृपेहून अशा टोळ्यांच्या खांद्यांवरच अधिक राहील, असे दिसते.

या टोळ्यांचे कौतुक करीत असताना एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. प्रेमाने केलेली डागडुजी पुष्कळदा शत्रूच्या तोफेहून जास्त नुकसान करते. चुन्यात बांधलेल्या भिंतीस सिमेंटचा गिलावा दिला की आतील ओल बाहेर पडत नाही, आणि दगडच सुटू लागतो. तैलरंगाने रंगविलेला बुरूज छायाचित्रात शोभतो. जाणत्यास रडू येते. शाह डोंगरावरील वास्तूपुरता तर हा धोका आणखी बारीक आहे. तिचे अपुरेपण हाच तिचा इतिहास. सात मजल्यांच्या दंतकथेवर विश्वास ठेवून कोणी उत्साही मंडळाने उद्या चौथा मजला चढविण्याचे मनात आणले, तर सलाबतखानाची कबर राहणार नाही आणि दौलताबादही दिसणार नाही.

सुदैवाने कायदा आड आहे. प्राचीन वास्तूंच्या संरक्षणाचा पहिला सर्वव्यापी कायदा १९०४ साली झाला, सध्याचा १९५८ चा आहे. ही कबर केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तिच्या हद्दीपासून शंभर मीटरांपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, आणि खात्याच्या परवानगीवाचून तिच्या दगडास हात लावणे हा गुन्हा आहे. नगरच्या इतिहासप्रेमी माणसास यामुळे प्रथम हिरमुसल्यासारखे होते. ज्या वास्तूवर आपले प्रेम, तिच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेले कोण्या वेड्याचे नावदेखील आपण आपल्या हाताने पुसू शकत नाही! मग त्याने करावे काय?

त्याच्यासाठी डोंगर उरतो. आणि वर सांगितल्याप्रमाणे डोंगर हाच या वास्तूचा मोठा भाग आहे. टेहळणीची जागा म्हणजे अर्धी दगडांची, अर्धी नजरेची. अमेरिकेतील मंडळींना दगड-लाकडाचा अर्धा भाग सावरावा लागला, नजरेचा भाग पुष्कळ ठिकाणी यंत्रांनी घेतला. नगरकराच्या वाट्यास नेमका दुसरा भाग आला आहे. पावसाळ्यात हा परिसर हिरवागार होतो, शहरातील माणसे हवा खाण्यास येतात. दिवाळी सरली की तेच गवत पिवळे पडते, आणि होळीच्या सुमारास एका विडीच्या थोटकाने डोंगराचा डोंगर काळा होतो. गवत जाळले म्हणजे पुढल्या वर्षी चारा चांगला उगवतो, ही समजूतही खेड्यापाड्यांत अजून आहे. मोठी झाडे एखादे वेळी वाचतात. मेहनतीने लावलेली दोन-तीन वर्षांची रोपे, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आणि पहिल्या पावसाला धरून ठेवणारी माती यांचे मात्र भागत नाही. उघड्या पडलेल्या उतारावरून माती गेली, की वरच्या चौथऱ्यासही ते चांगले नव्हे.

हल्ली आग पाहण्यास आकाशात उपग्रह आहेत. २००४ पासून भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांनी टिपलेल्या वणव्यांच्या जागा राज्यांच्या वनखात्यांस कळविते, आणि तो संदेश आता थेट मोबाइलवर येतो. ही मोठीच सोय आहे. तथापि उपग्रह ठरलेल्या वेळीच माथ्यावरून जातो, आणि लहान धूर त्याच्या नजरेतून निसटूही शकतो; शिवाय संदेश आला तरी हिरव्या डहाळ्या घेऊन गवत झोडपण्यास माणूसच धावला पाहिजे. विझविणाऱ्याची पद्धत शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही. पाठीवर पालापाचोळा उडविणारे यंत्र आले एवढेच. वारा कोणीकडचा, पाऊलवाट कोठे फुटते, ओढ्यात अजून ओल कोठे आहे, ही माहिती ज्यास आहे तोच तेथे उपयोगी पडतो. असा मनुष्य पायथ्याच्या वस्तीत राहतो. त्यास बरोबर घेतल्यावाचून शहरातून आलेल्या टोळीचा उत्साह उतारावरच धापा टाकतो. १९३० सालच्या भांडणाचे मूळ ज्यांनी ध्यानात घेतले नाही त्यांस हा अनुभव येणारच.

अकोल्याकडील गडांचीही हीच कथा आहे, फक्त तेथील रान दाट आणि कडे भयंकर. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य १९८६ साली झाले. त्यात राज्यातील सर्वांत उंच शिखर आहे, रतनगडाचे नेढे आहे, आणि ज्या जागांवरून पूर्वी मेटकरी पाहत तेथून आज पदभ्रमण करणारे सूर्यास्त पाहतात. त्यांतील एखाद्यास खालच्या गवतात उठणारी धुराची बारीक रेषा दिसली, तर ती छायाचित्रात उतरविण्यापूर्वी पायथ्याच्या गावी कळवावी, आणि वनखात्याचा १९२६ हा विनाशुल्क क्रमांक फिरवावा, इतके तरी होण्यास हरकत नसावी. आज्ञापत्रात तटावरील माणसाकडून याहून थोडी जास्त अपेक्षा होती.

महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो. जाळरेषा त्यापूर्वी निघाव्या लागतात. म्हणजे गवत कापण्याचे आणि कडेचा पट्टा सावधपणे जाळून घेण्याचे काम थंडीच्या दिवसांतले, पहाटेच्या दवात करावयाचे. शाह डोंगरावर त्या वेळी वारा बोचरा असतो, आणि पाहुणे फारसे नसतात.